अठरा वर्षांची मोलकरीण, म्हातारी जिप्सी आणि एक रहस्यकादंबरी



माझ्या आजोबांना बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांचं भारी वेड. धनंजय-छोटू, झुंजार, काळा पहाड ही नावं आमच्या घरात नातेवाइकांसारखी घेतली जायची. आजी कंदिलाची काच पुसता पुसता म्हणायची, "सगळं रचलेलं असतंय. असं कुठं घडतं व्हय?" मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं.

मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत दोघी-तिघींनी विचारलं, ताई, ह्या चोरीच्या, पळवापळवीच्या गोष्टी लिहिणाऱ्यांना सुचतं तरी कुठून? त्याचं उत्तर म्हणून आज एकाच कादंबरीची हकीकत सांगते. कादंबरी १९४८ सालची, इंग्लंडमधली. नाव 'द फ्रँचाइज अफेअर'. लिहिणारी एक बाई, जोसेफीन टे. फ्रँचाइज हे त्यातल्या एका घराचं नाव आहे, म्हणजे आपण 'फ्रँचाइज घराचं प्रकरण' म्हणू. या गोष्टीचं मूळ टे बाईंच्या डोक्यात नाही, १७५३ सालच्या लंडनमधल्या एका खऱ्या खटल्यात आहे. आणि त्या खटल्यात त्या काळचा एक फार मोठा लेखक अडकलेला होता. हीच गोष्ट निवडायला माझं स्वतःचंही एक कारण आहे. ते पुढे सांगते.

आधी १७५३ ची हकीकत.

लंडनमध्ये एलिझाबेथ कॅनिंग नावाची अठरा वर्षांची मुलगी होती. बाप वारलेला, आई आणि लहान भावंडं. ती एका सुताराच्या घरी मोलकरीण होती. १ जानेवारीला सुट्टी मिळाली म्हणून ती मामा-मामीसारख्या जवळच्या नात्यातल्या जोडप्याकडे गेली. संध्याकाळी त्यांनी तिला अर्ध्या वाटेपर्यंत सोडलं आणि ते माघारी फिरले. तिथून पुढे मुलगी गायब. आईनं शोधलं, वर्तमानपत्रात जाहिरात दिली, देवळात प्रार्थना करवल्या. काही पत्ता नाही.

२९ जानेवारीला रात्री दहाच्या सुमारास ती घरी परत आली. अंगावर जुनेरं कपडे, कान फाटून रक्त वाळलेलं, अंग वाळून काडी झालेलं. आई घाबरून ओरडली, शेजारीपाजारी धावले, घर माणसांनी भरलं. आपल्याकडे भरतं तसंच. आणि सगळे एकदम विचारायला लागले. कुठं होतीस? कुणी नेलं? काय केलं?

तिनं सांगितलं ते असं. दोन माणसांनी तिला रस्त्यात गाठलं, पैसे आणि झगा हिसकावला, डोक्यात मारलं आणि ओढत एका घरात नेलं. तिथं एका म्हातारीनं तिला वाईट मार्गाला लागशील का म्हणून विचारलं. ती नाही म्हणाली. तेव्हा म्हातारीनं सुरीनं तिच्या स्टेजचे बंद कापून ती काढून घेतली. स्टेज म्हणजे त्या काळी तिकडच्या बायका आत घालत ती ताठ, बंदांनी आवळायची चोळी. मग म्हातारीनं तिला थोबाडीत मारून वरच्या माळ्यावर ढकललं आणि दार लावलं. तिथं तिनं जवळजवळ महिना काढला, घागरभर पाणी, पावाचे वाळके तुकडे आणि भावासाठी खिशात ठेवलेली एक छोटी करंजीसारखी मिठाई यावर. शेवटी खिडकीच्या फळ्या काढून तिनं उडी मारली आणि दहा-अकरा मैल चालत घर गाठलं.

आता बारकाईनं ऐका, कारण सगळी गोम इथंच आहे. ती म्हणाली, घर हर्टफर्डच्या रस्त्यावर होतं. जमलेल्यांपैकी एकजण म्हणाला, मग ते एनफिल्डच्या सुसाना वेल्सचंच घर असणार, त्या बाईचं नाव चांगलं नाही. वेल्स हे नाव मुलीनं आधी घेतलं, की त्या माणसानं घेतलं आणि मग मुलगी हो म्हणाली, यावर पुढे वर्षभर वाद झाला आणि तो कधीच मिटला नाही. मला विचाराल तर त्या रात्री खोलीतल्या कुणालाच ते खात्रीनं सांगता आलं नसतं. दहा तोंडं एकदम बोलत असली की कोण आधी बोललं हे कुणाला आठवतं? गटाच्या बैठकीत हिशेब चुकला की आपल्याकडे तरी आठवतं का?

१ फेब्रुवारीला मुलीला गाडीत घालून, सोबत मित्र, शेजारी आणि अंमलदार घेऊन सगळे एनफिल्डला गेले. वेल्सच्या घरात बरीच माणसं होती. त्यांत मेरी स्क्वायर्स नावाची एक म्हातारी जिप्सी बसलेली होती. मुलीनं बोट दाखवलं: हीच ती.

जिप्सी म्हणजे गावोगाव फिरून किरकोळ माल विकणारे, भांडी दुरुस्त करणारे, भविष्य सांगणारे लोक. ते इजिप्तहून आले असा तिकडच्या लोकांचा समज होता, म्हणून 'इजिप्शियन'चं 'जिप्सी' झालं. खरं तर त्यांची भाषा तपासली तर तिची मुळं आपल्या हिंदुस्थानातल्या भाषांत निघतात. कित्येक शतकांपूर्वी इथूनच निघालेले लोक ते.

म्हातारीचा चेहरा वेगळाच होता. आजारानं खालचा ओठ सुजलेला, एकदा पाहिला की विसरायचा नाही असा. ती म्हणालीही, माझ्याकडे नीट बघून सांग. पण मुलीनं घरी परतल्यावर जे वर्णन केलं होतं त्यात असा चेहरा कुठंच नव्हता. माळाही जुळला नाही. तिनं लहान, अंधारी, चौकोनी खोली सांगितली होती. हा माळा लांबट होता आणि त्यात गवत पडलेलं होतं. पण सोबतच्या लोकांनी ते मनावर घेतलं नाही. मुलीची अवस्था त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती, त्यांना तेवढं पुरे होतं.

इथं तो लेखक येतो.

बीएला मला इंग्रजी साहित्याचा पेपर होता. त्यात पाच मार्कांची टीप असायची: हेन्री फिल्डिंग, इंग्रजी कादंबरीचा पाया घालणाऱ्यांपैकी एक, 'टॉम जोन्स', १७४९. एवढं पाठ केलं की झालं. हा माणूस लंडनच्या बो स्ट्रीटवर मॅजिस्ट्रेटही होता हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. शहरात नीट पोलीस दल नव्हतं त्या काळात त्यानं मोजकी माणसं हाताशी धरून चोर पकडायची सोय केली. 'बो स्ट्रीट रनर्स' म्हणून ती माणसं पुढे प्रसिद्ध झाली. म्हणजे कादंबरी लिहिणारा आणि गुन्ह्याचा तपास करणारा हा एकच माणूस.

कॅनिंगच्या बाजूचा वकील फिल्डिंगकडे आला. फिल्डिंगनं मुलीचा जबाब घेतला आणि त्याचा तिच्यावर विश्वास बसला. मग वेल्सच्या घरात राहणाऱ्या व्हर्च्यू हॉल नावाच्या एका तरुण मुलीला त्याच्यापुढे आणलं. ती आधी म्हणाली होती, मी या कॅनिंगला कधी पाहिलं नाही. फिल्डिंगपुढे ती अडखळली, रडली, एकदा हे सांगे एकदा ते. फिल्डिंगनं तिला बजावलं, की खरं सांगितलं नाहीस तर तुरुंगात पाठवीन आणि बाकीच्यांबरोबर तुझ्यावरही खटला होईल. तेव्हा ती म्हणाली, सांगते. मग तिला कॅनिंगच्याच वकिलाबरोबर बसवलं. त्यानं तिचा जबाब लिहून काढला आणि तिनं त्याखाली निशाणी केली. जबाब कॅनिंगच्या गोष्टीशी तंतोतंत जुळला. जुळणारच की!

हे सगळं कुठल्या शत्रूनं उघडकीला आणलेलं नाही. फिल्डिंगनं स्वतःच मार्च १७५३ मध्ये या प्रकरणावर पुस्तिका छापली, तिच्यात सरळ लिहिलंय. आपण काही चुकीचं केलं असं त्याला वाटतच नव्हतं. माणूस दुष्ट नव्हता. गरीब मोलकरणीच्या बाजूनं उभा राहायला त्या काळी किती मोठी माणसं तयार होती? पण एकदा गोष्ट मनात पक्की बसली, की तिला आधार देणारा शब्द ऐकू येईपर्यंत तो विचारत राहिला.

२१ फेब्रुवारीला लंडनच्या ओल्ड बेली कोर्टात खटला उभा राहिला. बाहेर एवढी गर्दी, की वेल्सच्या बाजूनं बोलायला आलेल्या लोकांना जमावानं दारातूनच हुसकून लावलं. त्या माळ्यावर आपण जानेवारीत झोपत होतो असं सांगणारं एक भाडेकरू जोडपं होतं, त्यांची साक्ष झालीच नाही. डॉर्सेट परगण्यातून आलेली काही माणसं मात्र आत पोचली. ती म्हणाली, ही म्हातारी त्या दिवसांत मुलाबाळांसह आमच्याकडे अॅबट्सबरीच्या बाजूला होती. अॅबट्सबरी लंडनपासून सुमारे दोनशे किलोमीटर. पंचांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. वेल्सबाईचा अंगठा तापल्या लोखंडानं डागला आणि तिला सहा महिने कैद दिली. म्हातारी स्क्वायर्सला फाशी.

फाशी कशाबद्दल, माहीत आहे? मुलीला कोंडल्याबद्दल नाही. ती चोळी हिसकावल्याबद्दल. चोळीची किंमत दहा शिलिंग लावली होती. कायद्यानं जबरी चोरीला फाशी होती, आणि माणूस कोंडून ठेवण्यापेक्षा चोळी चोरणं मोठा गुन्हा होता.

म्हातारीचं नशीब, की त्या कोर्टात लॉर्ड मेयर, म्हणजे शहराचा महापौर, सर क्रिस्प गॅस्कॉइन बसलेला होता आणि त्याला चैन पडेना. त्यानं जे केलं ते कुठल्याही रहस्यकथेतल्या गुप्तहेरानं करावं असं आहे. त्यानं अॅबट्सबरीच्या पाद्र्याला पत्र लिहून विचारलं, की म्हातारीला तिथं खरंच कुणी पाहिलं का? तिथून उत्तरं आली: पाहिलं. त्यानं व्हर्च्यू हॉलला बोलावून पुन्हा विचारलं, या वेळी दम न देता. ती म्हणाली, मी खोटं बोलले, तुरुंगाच्या भीतीनं बोलले. आधी फाशी लांबणीवर पडली, मग मे महिन्यात राजानं म्हातारीला माफी दिली.

लंडन दोन तटांत फुटलं. कॅनिंगच्या बाजूचे 'कॅनिंगाइट', म्हातारीच्या बाजूचे 'इजिप्शियन'. पुस्तिकांवर पुस्तिका निघाल्या, दोघींची चित्रं छापून विकली गेली, कॅनिंगसाठी वर्गणी जमली. आणि ज्यांचा तिच्यावर विश्वास नव्हता त्यांनी काय म्हटलं असेल ते तुम्हाला सांगायला नको. तरुण पोरगी महिनाभर बेपत्ता, म्हणजे काहीतरी लपवायचं असणार. पोट आलं असेल, कुणाबरोबर राहिली असेल. अडीचशे वर्षांपूर्वीचं लंडन काय आणि आपला पार काय, तोंडं तीच.

मग वारं फिरलं. १७५४ मध्ये खोटी शपथ घेतल्याबद्दल कॅनिंगवरच खटला झाला. दोन्ही बाजूंनी साक्षीदारांची रांग लागली. काहीजण शपथेवर म्हणाले म्हातारी तेव्हा एनफिल्डला होती, काहीजण शपथेवर म्हणाले डॉर्सेटला होती. तारखांचा घोळ तर विचारू नका. इंग्लंडनं नुकतंच कॅलेंडर बदललं होतं. १७५२ साली २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी एकदम १४ सप्टेंबर आला, मधले अकरा दिवस गेलेच. साधी माणसं तारखेवर कुठं चालतात? नाताळच्या आधी, नाताळच्या नंतर असं मोजणार. पण कोणता नाताळ, जुना की नवा? आपल्या सासूबाई म्हणतात ना, "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आली होती ती," आणि मग आपण त्यावरून तारीख काढत बसतो, तसंच.

पंचांनी कॅनिंगला दोषी ठरवलं. महिनाभर तुरुंग आणि सात वर्षं अमेरिकेत हद्दपारी. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फिल्डिंग आजारपणात लिस्बनला वारला.

आता दोनशे वर्षं पुढे या.

जोसेफीन टे हे टोपणनाव. खरं नाव एलिझाबेथ मॅकिंटॉश, गाव स्कॉटलंडमधलं इनव्हरनेस, जन्म १८९६. शाळेत मुलींना व्यायाम शिकवायची. आई गेली तेव्हा नोकरी सोडून वडिलांचं घर सांभाळायला परत आली आणि मग तिथंच राहिली. चूल सांभाळत तिनं नाटकं लिहिली, कादंबऱ्या लिहिल्या. नाटकांसाठी तर तिनं गॉर्डन डेव्हियट असं पुरुषाचं नाव घेतलं होतं. मला ती यासाठीच आवडते, खोटं कशाला बोलू. पुण्याला रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात तिची ही कादंबरी मिळाली आणि डिक्शनरी शेजारी ठेवून मी ती दीड महिन्यात वाचली.

तिनं काय केलं, तर कॅनिंगचं प्रकरण उचलून महायुद्धानंतरच्या इंग्लंडमध्ये एका छोट्या गावात आणलं. मोलकरणीच्या जागी बेटी केन नावाची पंधरा-सोळा वर्षांची शाळकरी मुलगी. तीही महिनाभर गायब होते, मार खाऊन परत येते आणि सांगते, की दोन बायकांनी मला गाडीतून नेलं, घरकाम करायला मोलकरीण हवी म्हणून माळ्यावर कोंडलं आणि मारलं. त्या दोन बायका म्हणजे गावाबाहेरच्या फ्रँचाइज घरात एकट्या राहणाऱ्या शार्प मायलेकी. म्हातारी आई फटकळ, मुलगी चाळिशीची, सावळी, बिनलग्नाची. गावात नव्यानं आलेल्या, कुणात मिसळत नाहीत. मुलगी त्या घराचं असं वर्णन करते, की पोलिसही चक्रावतात. उंच भिंतीआडचं अंगण, माळ्याची गोल खिडकी, सगळं जुळतं.

मग एक वर्तमानपत्र ते उचलतं. मुलीचा निरागस फोटो छापतं. त्यानंतर लोक मोटारी घेऊन ते घर 'बघायला' यायला लागतात. भिंतीवर घाण शब्द लिहितात, काचा फोडतात, आणि शेवटी घर पेटवून देतात. कोर्टाचा निकाल लागायच्या आधी. आणि व्हर्च्यू हॉल आहे का यात? आहे. फ्रँचाइजमधून काढून टाकलेली एक मोलकरीण आहे आणि तिची एक भित्री मैत्रीण, जिच्याकडून दमदाटी करून खोटी साक्ष वदवून घेतली जाते.

पुस्तक इंग्रजीत आहे, तेव्हा शेवट सांगूनच टाकते. मुलीनं भिंतीपलीकडचं अंगण पाहिलं कसं? तर डबलडेकर बसच्या वरच्या मजल्यावर बसून. वरून सगळं दिसतं. बाकी महिना ती कुठं होती त्याचीही भानगड निघते, ती नाही सांगत. तेवढं राहू दे वाचणाऱ्यांसाठी.

पुस्तक हातातून सुटत नाही हे खरं, पण दोन बाबतींत माझं टे बाईंशी पटत नाही. एक, तिनं मुलीला पहिल्यापासून खोटारडी ठरवून टाकलंय. कोणत्या रंगाच्या डोळ्यांची माणसं कशी असतात, आई तशी म्हणून मुलगी तशी, असलं बोलणं त्यात पानोपानी आहे. एखाद्या बाईला तिच्या डोळ्यांवरून आणि आईवरून जोखणं, याचा त्रास आपल्याला कमी झालाय का? आणि दुसरं मला जास्त लागलं. खऱ्या खटल्यात फाशीच्या दारापर्यंत गेली ती पालात राहणारी जिप्सी. कादंबरीत तिची जागा चांगल्या घरातल्या, इंग्रजी नीट बोलणाऱ्या मायलेकींनी घेतली. वाचकाला आपल्यासारख्या माणसांची दया लवकर येते हे टे बाईंना बरोबर कळलं असणार. पण म्हातारी मेरी स्क्वायर्स त्यात कुठंच उरली नाही.

आता माझं कारण.

काही वर्षांपूर्वी ऊसतोडीच्या दिवसांत आमच्या गावाबाहेर, ओढ्याकाठी, फिरस्त्यांची चार पालं पडली होती. त्यांतली एक बाई सुया, दाभण, पोत-मणी, काळा दोरा घेऊन दारोदार फिरायची. एका दुपारी आमच्या आळीतला साडेपाच वर्षांचा मुलगा दिसेना. अर्ध्या तासात सगळी आळी गोळा. कुणीतरी म्हणालं, ती सुयावाली त्याच्याशी शाळेपाशी बोलत होती. आणि मी, गटाची समन्वयक, बीए झालेली, चार लोकांत जिच्या शब्दाला किंमत आहे ती मी म्हणाले, "हो, मी पण पाहिली तिला शाळेपाशी."

पाहिली होतीच. पण आदल्या दिवशी, बाजारच्या दिवशी. तिच्याकडून मी स्वतःच सुयांचं पाकीट घेतलं होतं. बोलताना मला ते आठवलं नाही असंही नाही. आठवलं, पण शब्द तोंडातून निघून गेला होता, आणि मुलाची आई माझ्याकडे अशी बघत होती, की तो मागे घेणं मला जमलं नाही. दुसरीनं दुजोरा दिला म्हटल्यावर मग काय. पंधरा-वीस जण ओढ्याकडे पळाले. पालं उलथी केली, पेटी फोडली, मणी सगळे चिखलात. तिच्या म्हाताऱ्या सासऱ्याला दोघांनी मारलं. तासाभरानं मुलगा सापडला. चुलत्याच्या बैलगाडीत, वाढ्यांच्या भाऱ्यांमागे झोपला होता. रात्रीत पालं उठली. ओढ्याकडे कुणी गेलं नाही, मीही नाही.

पुढे धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याची बातमी आठवली की माझ्या पोटात गोळा यायचा. १ जुलै २०१८, बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून फिरत होती. भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावानं मारून टाकलं. आमच्या ओढ्याकाठी जीव गेला नाही, तो मुलगा लवकर सापडला म्हणून.

त्यामुळे व्हर्च्यू हॉलचं पान वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. तिला निदान तुरुंगाची भीती तरी दाखवली होती. मला कुणी काही दाखवलं नव्हतं.

ही गोष्ट मी आधी आमच्या गटात सांगितली, मग रेडिओवर सांगायचं ठरवलं. तेव्हापासून आम्ही एक केलंय. गटात पैशांवरून, वस्तूवरून, कुणाच्या वागण्यावरून तक्रार आली, की सगळ्यांसमोर चर्चा सुरू करण्याआधी दोघीजणी प्रत्येकीला वेगवेगळं विचारतात. वहीत दोन रकाने आहेत, एक 'पाहिलं' आणि एक 'ऐकलं'. पाहिलं असेल तर कधी, कुठून, अंतर किती. ऐकलं असेल तर कुणाकडून. पहिल्याच तक्रारीत, कर्जाच्या हप्त्याचे पाचशे रुपये कमी पडले तेव्हा, नऊ जणींपैकी आठ जणी 'ऐकलं'मध्ये गेल्या. आणि आठही जणींनी एकाच बाईकडून ऐकलं होतं. पैसे पावतीपुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्यात निघाले.

कॅनिंगचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. तिला अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या वेदर्सफील्ड गावी पाठवलं. तिथं तिनं १७५६ मध्ये जॉन ट्रीट नावाच्या माणसाशी लग्न केलं, मुलंबाळं झाली आणि १७७३ मध्ये, चाळिशीच्या आतच, ती वारली. तो महिना ती कुठं होती हे तिनं शेवटपर्यंत वेगळं काही सांगितलं नाही. आपण सांगितलं तेच खरं, यावर ती ठाम राहिली. त्यावर अजून पुस्तकं निघतात. कुणी म्हणतं मुलगी खोटी होती, कुणी म्हणतं तिच्यावर खरंच अत्याचार झाला पण माणसं आणि घर चुकलं. मला हे दुसरं जास्त पटतं. फाटलेला कान आणि वाळलेलं अंग तर खोटं नव्हतं ना.

आमच्या गटात मी इथवर सांगून थांबले, तर कोपऱ्यातून शेवंतामावशी म्हणाल्या, "ते सगळं ऱ्हाऊ दे. पोरगी हुती कुठं मग महिनाभर?" त्यावर एकीनं सुताराच्या घरचं नाव घेतलं, दुसरीनं ज्या नातेवाइकांकडे गेली होती त्यांचं, तिसरी म्हणाली आजारी पडून दवाखान्यात असेल आणि शुद्ध नसेल. मी म्हटलं, हे पाहिलं की ऐकलं? तर सगळ्या हसल्या आणि पुन्हा तेच सुरू. अंधार पडला तरी कुणी उठेना. त्या दिवशीचे हप्ते लिहायचे राहिले, ते दुसऱ्या दिवशी सकाळी घरोघर जाऊन लिहून आणले.